मुकादमाची टोळी: बांधकाम ठेकेदार नेमकं काय विकत घेतो

दोन हजार चौरस फुटांचा एक स्लॅब घ्या. जाडी १२५ मिलिमीटर, खाली तुळया. सगळं मिळून ३२ घनमीटरच्या आसपास काँक्रीट. साइटवरचा एका पोत्याचा मिक्सर न थांबता चालला तर तासाला जेमतेम ३ घनमीटर माल देतो. सकाळी आठला पहिलं घमेलं पडलं तर शेवटचं पडायला संध्याकाळचे सात होतात. मध्ये लिफ्टची दोरी अडकली किंवा वीज गेली तर नऊ, दहा. पाच वाजले म्हणून स्लॅब अर्ध्यावर टाकून उठता येत नाही. वाटेल तिथे थांबलात तर घट्ट झालेलं आणि ओलं काँक्रीट यांच्यात सांधा राहतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी गळून तो आपली जागा दाखवतो.

ठेकेदार बाहेरगावचे मजूर का घेतात, याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे. ज्याला साडेपाचची एसटी पकडायची नाही असा माणूस त्याला हवा असतो.

हे परीक्षण मुकादमामार्फत टोळी आणण्याच्या सेवेचं आहे. ठेकेदार तिचे पैसे मोजतो, तिच्याकडून ठरावीक गोष्टी मागतो आणि ती फसली तर नुकसान सोसतो, म्हणून ती सेवाच. फक्त तिचं दुकान नाही, पाटी नाही, छापील दरपत्रक नाही. गुण-दोष इथे तपासले आहेत ते व्यवस्थेचे. तिच्यात राबणाऱ्या माणसांना गुण देण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणखी एक, 'परप्रांतीय' हा शब्द इथे मुद्दाम टाळला आहे. बीडचा मजूर पुण्याच्या साइटवर पत्र्याच्या खोलीत राहतो तेव्हा ठेकेदाराच्या दृष्टीने तो पश्चिम बंगालमधल्या मालदाच्या गवंड्यासारखाच असतो. ठेकेदाराला प्रांताशी देणंघेणं नसतं, त्याला अंतर हवं असतं.

सेवेत काय मिळतं ते आधी पाहू. वरच्या स्लॅबसाठी शटरिंगचं (काँक्रीट ओतायच्या साच्याचं, यालाच सेंटरिंगही म्हणतात) संपर्क क्षेत्र तुळयांच्या बाजू धरून २५० चौरस मीटरपर्यंत जातं. एक सुतार आणि एक मदतनीस मिळून दिवसाला ५ चौरस मीटरच्या आसपास लावतात, म्हणजे सहा जोड्यांना आठ-नऊ दिवस. सळई ३ टनांच्या आत-बाहेर. कापणं, वाकवणं, बांधणं धरून टनाला दहाएक मनुष्यदिवस लागतात, म्हणजे सहा फिटरांना पाच दिवस. भरणीच्या दिवशी मिक्सर, खडी-वाळू ओतणारे, लिफ्ट, वाहतूक, व्हायब्रेटर, आणि वर पातळी काढणारे दोन-तीन गवंडी मिळून बावीस ते पंचवीस हात. एवढी माणसं, एवढ्या वेगवेगळ्या कामांची, ठरल्या दिवशी, ठरल्या प्रमाणात एकाच फोनवर उभी राहतात. मुकादम विकतो ती ही जमवाजमव.

दर दोन तऱ्हांनी ठरतो. एक हजेरीवर: मिस्त्रीला इतके, बिगाऱ्याला इतके, आणि माणशी रोज ठरावीक रक्कम मुकादमाची. दुसरा कामावर: बांधकामाच्या चौरस फुटाला, सळईच्या किलोला, वीटकामाच्या घनमीटरला. या दुसऱ्या प्रकारात मुकादम टोळीला रोजाने देतो आणि ठेकेदाराकडून कामाने घेतो, मधला फरक त्याचा. टोळी निघण्याआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम जाते. साइटवर आल्यावर दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला खर्ची मिळते, म्हणजे जेवणखाण, रिचार्ज, औषधपाण्यापुरते पैसे. पूर्ण हिशेब गावी जाताना. ऊसतोडीत कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला दिली जाते तशीच ही उचल, आणि तिचा उपयोगही तोच: माणूस हंगाम संपेपर्यंत अडकून राहावा.

आता ठेकेदाराची कारणं. 'ते स्वस्त पडतात' हे कारण सर्वांत जास्त सांगितलं जातं आणि सर्वांत कमी खरं आहे. कुशल सेंटरिंगवाल्याचा किंवा टाइल्सवाल्याचा रोज स्थानिक मिस्त्रीइतका, कधी त्याहून जास्त असतो. वर प्रवास, खोल्या, पाणी, वीज आणि मुकादमाचा वाटा. केवळ रोजाचे आकडे समोरासमोर मांडले तर बाहेरची टोळी महाग दिसते. ती परवडते तीन गोष्टींमुळे, आणि त्या रोजाच्या रकान्यात दिसत नाहीत.

पहिली गोष्ट हजेरी. गावात घर असलेल्या माणसाला लग्न असतं, बारसं असतं, पोराची फी भरायची असते, शेतात पेरणी असते. जूनचा पहिला बरा पाऊस झाला की स्थानिक बिगारी आठ-दहा दिवस दिसत नाही, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही. ऊसतोडीचा पट्टा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत धडधाकट जोड्या कारखान्याकडे गेलेल्या असतात. बांधकामाची खरी तेजी नेमकी याच कोरड्या महिन्यांत असते. साइटवर राहणारी टोळी मात्र सुटी घेते ती एकदम: छठ, ईद, होळी, गावाकडची कापणी. ही सुटी तीन आठवडे ते दीड महिना चालते, पण तिची तारीख आधी कळते आणि कामाच्या वेळापत्रकात (बार चार्टमध्ये) बसवता येते. ठेकेदाराला तुकड्यातुकड्यांची गैरहजेरी झेपत नाही. सहा जोड्यांपैकी दोन आल्या नाहीत तर उरलेल्या चारांचं काम अडतंच, शिवाय मागून येणारे फिटर बसून राहतात आणि रोज चालू राहतो.

दुसरी गोष्ट कसब. काही कामांचं कसब ठरावीक जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या साठलं आहे. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला पट्टामुंडाईचा भाग नळकाम करणाऱ्यांसाठी देशभर ओळखला जातो, तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. पश्चिम बंगालचे मालदा आणि मुर्शिदाबाद जिल्हे गवंडी आणि सळईवाल्यांसाठी, राजस्थान दगड आणि संगमरवराच्या कामासाठी, तेलंगणातला महबूबनगरचा पट्टा मातीकाम, धरणं, कालव्यांवरच्या मजुरांसाठी. तिथला पोरगा सोळा-सतराव्या वर्षी मामाच्या किंवा चुलत्याच्या टोळीत बिगारी म्हणून निघतो आणि चार-पाच वर्षांत मिस्त्री होऊन परततो. (अठराच्या आतला पोरगा साइटवर घेऊ नये, हे इथेच सांगून ठेवलं पाहिजे. आधार कार्ड बघितल्याशिवाय कोणालाही शिडीवर चढवू नका.) आपल्याकडे हीच साखळी तुटली. गवंड्याचा मुलगा आयटीआयला गेला, रिक्षा घेतली, डिलिव्हरीला लागला, आणि ओळंबा धरायला शिकवण्याजोगा चेला बापाला उरला नाही. स्थानिक तरुण कष्टाला मागे पडतात हा आरोप म्हणून अन्यायाचा आहे. ज्या कामात दहा वर्षांनी तोच रोज, तेच ऊन आणि हातात एकही कागद नाही, ते त्याने सोडलं तर त्याचा हिशेब बरोबर आहे.

तिसरी गोष्ट बोलायला कोणाला आवडत नाही, पण ती सोडली तर परीक्षण अपुरं राहील. बाहेरच्या माणसाला भांडता येत नाही. त्याला मराठी वाचता येत नाही, कामगार आयुक्तांचं कार्यालय कुठे आहे ठाऊक नसतं, राहायची खोलीच ठेकेदाराची असते, आणि पैसे मुकादमाकडे अडकलेले असतात. स्थानिक मजूर पडून जखमी झाला तर तासाभरात गेटवर पन्नास माणसं आणि एखादा नगरसेवक. बाहेरचा पडला तर मुकादम त्याला गाडीत घालून नेतो आणि गोष्ट साइटच्या पत्र्याबाहेर जात नाही. जास्तीचे तास, रविवारचं काम, उशिराचा हिशेब, सगळं यातूनच शक्य होतं. शिवाय त्याच्या आजारपणाचा, म्हातारपणाचा, पोरांच्या शिक्षणाचा खर्च गावाकडचं कुटुंब सोसतं. ठेकेदार पैसे देतो ते काम करण्याच्या वयातल्या धडधाकट शरीराचे. या सेवेचा दर परवडतो, कारण दराचा मोठा भाग दुसऱ्याच कोणीतरी भरलेला असतो.

पर्यायांशी तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. मजूर अड्ड्यावरचा, म्हणजे नाक्यावरचा माणूस सकाळी ठरतो आणि संध्याकाळी रोख घेऊन जातो. राडारोडा उचलणं, खोदाई, गाडी उतरवणं, भिंतींवर पाणी मारणं, अशा कामांना तो उत्तम, कारण या कामांना कालचा माणूसच आज लागतो असं नाही. सेंटरिंगला मात्र लागतो. कुठला ठोकळा कुठल्या तुळईचा हे ज्याने काल बांधलं त्यालाच माहीत असतं. स्थानिक गवंडी आणि त्याचे दोन-तीन साथीदार फिनिशिंगला, दुरुस्तीला, राहत्या घरातल्या कामाला फार चांगले. काम संपल्यावरही ते गावातच असतात, त्यामुळे संडासाचा उतार उलटा गेला तर बोलावता येतं. त्यांची अडचण अशी की ते एका वेळी तीन कामं धरतात, आणि पंचवीस हात एका दिवशी उभे करणं त्यांच्या आवाक्याबाहेर असतं. मनुष्यबळ पुरवणाऱ्या नोंदणीकृत एजन्सीकडून घेतलं तर भविष्य निर्वाह निधी, मस्टर, १८ टक्के जीएसटीचं बिल, सगळं रीतसर मिळतं. ॲल्युमिनियम फॉर्मवर्कने सात-आठ दिवसांत एक मजला काढणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना हेच घ्यावं लागतं. चार मजल्यांच्या इमारतीच्या ठेकेदाराला ते जड जातं. गंमत अशी की एजन्सीच्या मागेही शेवटी तोच मुकादम उभा असतो, फक्त एक पायरी दूर.

हजेरी आणि जमवाजमव यांसाठी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण द्यायला हरकत नाही. दर्जासाठी तीन, आणि तेही देखरेख असेल तरच. कारण कामावरचा दर जिथे ठरतो तिथे चूक कोणत्या जागी होणार हेही ठरून जातं.

सळई किलोवर दिली की फिटरचा फायदा कमी वेळात जास्त वजन बांधण्यात असतो. जाड सळई पटकन जाते, वेळ खातात त्या रिंगा, म्हणजे उभ्या-आडव्या सळयांना वेढणारे वाकवलेले कडे. मग रिंगेचा हूक १३५ अंशांऐवजी ९० वर सोडला जातो, एक सोडून एक गाठ मारली जाते, खुर्च्या आणि कव्हर ब्लॉक (सळई जागेवर आणि साच्यापासून दूर धरणारे आधार) 'नंतर लावू' म्हणून राहतात. भूकंपात कॉलम उघडतो तो या ९० अंशांच्या हुकांपाशी, म्हणून हे किरकोळ समजू नका. उपाय सोपा आहे: वजन सळई मोजून काढायचं. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे ८ मिलिमीटरची मीटरला ०.३९५ किलो, १२ची ०.८८९, १६ची १.५८. बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे (नकाशावरून काढलेल्या सळयांच्या यादीप्रमाणे) वजन धरा, कव्हर ब्लॉक आणि खुर्च्या दरातच आहेत हे लिहून घ्या, आणि तपासणी झाल्याशिवाय त्या भागाचं मोजमाप घेऊ नका.

शटरिंग चौरस फुटावर दिलं की गँगला प्लेटा आणि टेकू लवकर सुटायला हवे असतात, कारण तेच सामान पुढच्या मजल्यावर लागतं. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटला, तापमान १५ अंशांच्या खाली नसताना, कॉलमच्या बाजू १६ ते २४ तासांत काढता येतात. स्लॅबच्या खालच्या प्लेटा ३ दिवसांनी, पण काढताच टेकू परत लावायचे. टेकू पूर्ण काढायचे तर ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. तुळईला ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. फ्लाय ॲशवालं सिमेंट असेल तर यात वाढ करावी लागते, आणि आज बाजारात बहुतेक तेच येतं. टोळीला हे आकडे कोणी सांगितलेले नसतात. 'कडक झालंय साहेब' एवढ्यावर टेकू निघतात. टेकूंवर खडूने भरणीची तारीख आणि काढायची तारीख लिहून ठेवणं हा फुकटचा उपाय आहे. टोळीला वाचता येईल अशा लिपीत लिहा, नाहीतर लिहिल्याचा उपयोग नाही.

काँक्रीटची खरी गडबड रात्री होते. दहाव्या-अकराव्या तासाला माल वाहणाऱ्याचे खांदे गेलेले असतात, म्हणून मिक्सरवाला बादलीभर पाणी जास्त घालतो, म्हणजे माल आपोआप पसरतो. ५० किलोच्या पोत्याला वाळूतलं पाणी धरून २५ लिटर म्हणजे सिमेंटच्या वजनाशी पाण्याचं प्रमाण ०.५. फक्त ५ लिटर वाढले की ते ०.६ होतं, आणि ताकद डोळ्यांना न दिसता खाली येते. याच वेळी व्हायब्रेटर धरणारा माणूस चहाला गेलेला असतो आणि तुळईच्या तळाशी मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. याचा दोष थकलेल्या माणसावर ढकलणं चुकीचं आहे. बारा तासांची भरणी एकाच टोळीकडून करून घेणाऱ्याने तो पत्करलेला असतो.

खरं तर इथे एक साधा प्रश्न विचारायला हवा: ती रात्र लागतेच का? हाच ३२ घनमीटरचा स्लॅब रेडी मिक्सने, म्हणजे प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटने भरला तर ६ घनमीटरच्या सहा गाड्या लागतात आणि पंपाने तीन-चार तासांत काम उरकतं. पंचवीसऐवजी दहा-बारा हात पुरतात, आणि सगळे पाचच्या आत मोकळे. प्लांट जवळ असेल, गाडी आत जायला रस्ता असेल, तर रेडी मिक्सचा जादा दर आणि पंधरा माणसांचा रोज, जेवण, रात्रीचा जास्तीचा मोबदला हे एकदा समोरासमोर मांडून बघा. बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या मोठ्या टोळीची गरज ही मिक्सरने निर्माण केलेली असते.

पैशांच्या बाजूने ही सेवा फसते ती उचलीत. समजा २४ माणसं आणि माणशी ५,००० उचल. पहिलं घमेलं पडण्याआधी १,२०,००० रुपये मुकादमाच्या हातात. ते तीन-चार बिलांतून वळते करायचे असतात. दोन आठवड्यांनी टोळी दुसऱ्या साइटवर गेली की ठेकेदार 'पळाले' म्हणतो. वही उघडून बघितली तर पळण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. मोजमापाचा वाद सर्वांत जास्त: दर 'स्लॅबच्या चौरस फुटाला' ठरला, पण त्यात जिना, छज्जे, पाण्याची टाकी, तुळयांच्या बाजू धरल्या की नाही हे कोणीच बोललं नव्हतं. दुसरं कारण, ठेकेदाराने मुकादमाला दिलं आणि मुकादमाने खाली दिलं नाही. मजुराला कळतं ते एवढंच की महिना झाला आणि खर्चीशिवाय हातात काही नाही.

काही ठेकेदार यावर उपाय म्हणून दोन-तीन आठवड्यांचे पैसे कायम दाबून ठेवतात, म्हणजे माणूस जाणार नाही. हे चूक आहे, आणि व्यवहार म्हणूनही खोटं आहे. दाबलेल्या पैशांनी माणूस राहतो, मन राहत नाही, आणि मन नसलेल्या माणसाने बांधलेला कॉलम तुमच्याच इमारतीत उभा असतो. २५ मार्च २०२०ला देश बंद झाला आणि १ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्या सुटल्या. या मधल्या काळात हिशेब अडकलेल्या माणसांची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी पाहिलं.

कायद्याच्या बाजूने ठेकेदाराची समजूत अशी असते की मुकादम मध्ये आहे, म्हणजे जबाबदारी त्याची. तसं नाही. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यापासून नियम हाच आहे की मुकादमाने किंवा ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने, म्हणजे ज्याच्यासाठी काम चालू आहे त्याने ती भरायची. तो कायदा ५ किंवा अधिक आंतरराज्य मजुरांना लागू होता, त्यात जाण्या-येण्याचं भाडं, विस्थापन भत्ता आणि फोटोसह पासबुक होतं. आता त्याची जागा २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आली. मर्यादा १० मजुरांवर गेली, विस्थापन भत्ता गेला, पण प्रवासाचं भाडं राहिलं, आणि मुकादमाशिवाय स्वतःहून आलेला मजूरही व्याख्येत आला. अपघाताची भरपाई मागतानाही मजुराला मूळ मालकाच्या दारात येता येतं. म्हणून कामगार भरपाईचा विमा टोळीतल्या प्रत्यक्ष संख्येवर काढा. कागदावर आठ आणि साइटवर चोवीस असतील तर विमा कंपनी पैसे देताना हाच फरक पुढे करते.

बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर तर नकाशा मंजूर होताना भरलेला असतोच. त्या पैशातून चालणाऱ्या कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या, मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केलेल्या मजुराची नोंदणी होऊ शकते. अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर. टोळी तीन साइटवर तीस-तीस दिवस फिरते आणि कोणीच दाखला देत नाही. टोळी निघताना प्रत्येकाला किती दिवस काम केलं याचा सहीशिक्क्याचा कागद द्यायला ठेकेदाराचा अर्धा तास जातो. उपकर भरूनही तो अर्धा तास न देणं हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत टाळता येण्यासारखा अन्याय आहे. तसंच रेशनचं. एक देश एक रेशन कार्ड योजनेत गावाकडच्या कार्डावरचं धान्य इथल्या दुकानातही मिळतं, आधार जोडलेलं असलं की झालं. नव्या टोळीला जवळचं दुकान दाखवून द्या.

राहण्याच्या सोयीवर तर या सेवेचा सगळा डोलारा उभा आहे, आणि तिथेच सर्वांत जास्त काटछाट होते. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत चारजण ठीक राहतात. आठ कोंबले की पाळीपाळीने झोपतात आणि दुसऱ्या दिवशी शिडीवर पेंगतात. पत्र्याखाली भिंत संपते तिथे वीतभर फट सोडा आणि वर थर्माकोल किंवा जुनं प्लायवुड मारा, नाहीतर एप्रिलमध्ये दुपारी आत बसता येत नाही. २४ माणसांना २,००० लिटरची टाकी रोज भरली तर माणशी ८० लिटर पाणी मिळतं, सिमेंटने माखलेल्या अंगाला त्याहून कमी पुरत नाही. पिण्याचं वेगळं, आणि क्युरिंगच्या (काँक्रीट ओलं ठेवायच्या) टँकरचं पिण्याला अजिबात नको. पंचवीस माणसांमागे किमान एक संडास हा जुना नियम आहे, पण सकाळी साडेसातला सगळे एकदम निघतात तिथे दोन असले तर अर्धा तास वाचतो. बायका असतील तर त्यांच्यासाठी वेगळा, आतून कडी लागणारा. खोल्यांच्या विजेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवा. पत्र्याची खोली, ओलं अंग आणि सोललेली वायर एकत्र आली की काय होतं ते सांगायला नको. आणि टेकू लावलेल्या स्लॅबखाली कोणालाही झोपू देऊ नका, पावसात सगळ्यात कोरडी जागा तीच वाटली तरी.

मुकादम निवडताना त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, त्याच्या टोळीतल्या बिगाऱ्याशी पाच मिनिटं बोला. किती हंगाम याच मुकादमाबरोबर आहेस, मागच्या वेळी हिशेब कधी झाला, हे दोनच प्रश्न. तीन हंगामांपासून तोच मुकादम असेल तर टोळी चांगली आहे. पहिल्यांदाच आलाय आणि हिशेब अजून व्हायचाय असं उत्तर मिळालं तर दर कितीही कमी असो, घेऊ नका. उचल माणशी एका आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त देऊ नका, आणि ती मजुराच्या खात्यात टाका. खर्चीसुद्धा खात्यात. मुकादमाचा वाटा त्याला वेगळा आणि उघड द्या, तो त्याच्या कामाचा आहे आणि लपवण्याची गरज नाही. सुरुवातीला मुकादम कुरकुरतो, कारण टोळीवरची त्याची पकड सैल होते. दुसऱ्या-तिसऱ्या बिलानंतर टोळीच तुमच्याकडे थांबायचं म्हणते, आणि मग तोही थांबतो.

कामाच्या आकारानुसार सांगायचं तर एकमजली घर, वाढीव खोली, दुरुस्ती यांना ही सेवा घेऊ नका. खोल्या आणि पाण्याचा खर्च अंगावर येतो आणि टोळीला सलग काम मिळत नाही. स्थानिक गवंडी घ्या, स्लॅबच्या दिवशी रेडी मिक्स मागवा. तीन-चार मजल्यांपासून पुढे, जिथे एका मजल्यावर सेंटरिंग चालू असताना खालच्यावर वीटकाम आणि त्याच्या खाली प्लास्टर लावता येतं, तिथे टोळी खरी उपयोगी पडते. अशा साइटवरही स्थानिक दोन गवंडी आणि चार तरुण बिगारी मुद्दाम ठेवावेत. टोळी छठला गेली की क्युरिंग, पॅचवर्क आणि चौकटी बसवणं त्यांच्यावर चालू राहतं, आणि त्यातला एखादा पोरगा मालदाच्या मिस्त्रीजवळ उभा राहून धागा आणि ओळंबा धरायला शिकतो.

परतीचं तिकीट कधीचं आहे ते टोळी आल्या दिवशीच विचारून वहीत लिहून ठेवा. हिशेब त्याच्या तीन दिवस आधी करा, एकेका माणसाला समोर बसवून: हजेरी इतकी, उचल इतकी, खर्ची इतकी, बाकी इतकी. वही त्याच्याकडे फिरवा, वाचता येत नसेल तर त्याच्या टोळीतल्या वाचणाऱ्याला वाचू द्या. तीन दिवस यासाठी, की एखादी हजेरी राहिली असेल तर तो बोलायला परत येऊ शकेल. गाडी सुटायच्या दिवशी केलेल्या हिशेबात कोणालाही बोलता येत नाही.